मित्राची दिल्लीला रेफ्युजी मुलाखत आहे, तयारी कशी करून घ्यायची?

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मी बरोबर समजलोय का तेही कळेल. तुमचा कॉलेजमधला मित्र अफगाण आहे, २०१९ ला स्टुडंट व्हिसावर गोव्यात आला, पणजीत रूम घेऊन राहतो. आता कोर्स संपत आलाय, परत जायची भीती आहे म्हणून त्याने यूएनएचसीआरकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या रेफ्युजींसाठीच्या संस्थेकडे, नाव नोंदवलं आणि पुढच्या महिन्यात दिल्लीला मुलाखत आहे. वडील आधीच्या सरकारात नोकरीला होते. त्याच्या स्वतःच्या अंगाला कोणी हात लावलेला नाही, कारण तालिबान काबूलमध्ये शिरले तेव्हा तो इथेच होता. तारखा विचारल्या की गडबडतो. आणि कोणीतरी त्याला सांगितलंय की तुझ्यावर काही झालंच नाही म्हटलंस तर रिजेक्ट होशील, मी स्टोरी लिहून देतो ती पाठ कर, आणि त्याचे पैसे मागितलेत.

ती स्टोरी घेऊ नका. यात माझ्या मनात काहीच शंका नाही. आणि पैशांचं म्हणाल तर नोंदणीपासून निकालापर्यंत, अपील धरून, या प्रक्रियेत कुठेच फी नाही, त्यामुळे जो पैसे मागतो तो या प्रक्रियेतला माणूस नाही एवढं पक्कं धरून चला.

मी मूळ फोंड्याचा, आता परत इथेच असतो, पण मधली बारा वर्षं दिल्लीत याच कामात गेली, आधी अर्जदारांना कायद्याची मदत करायचो आणि नंतर टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घेतल्या. खाली ज्या केसेस सांगतोय त्यातले तपशील बदललेत.

तुमच्या मित्राची खरी अडचण तारखा नाहीत. त्याला वाटतंय की रेफ्युजी म्हणजे ज्याने मार खाल्लाय तो, आपल्याला तर मार पडलेला नाही, म्हणून कुठूनतरी जखम आणली पाहिजे. हा समज मी इतक्यांदा बघितलाय की काय सांगू. रेफ्युजींबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या बघा, त्यात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या विशिष्ट सामाजिक गटातलं असणं किंवा राजकीय मत या कारणांनी छळ होईल अशी साधार भीती असलेला माणूस असं म्हटलंय. होईल अशी. झालाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. मागे छळ झाला असेल तर तो पुढच्या भीतीचा मोठा पुरावा ठरतो हे खरं, पण अधिकाऱ्याला शेवटी शोधायचं असतं ते एवढंच की हा मुलगा उद्या काबूलच्या विमानतळावर उतरला तर त्याचं काय होईल. माणूस शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी साधेपणाने देशाबाहेर पडला आणि तो बाहेर असताना मागे देशच पालटला, तर तोही रेफ्युजी ठरू शकतो, त्याला कायद्याच्या भाषेत फ्रेंचमधून आलेला शब्द आहे, ‘सुर प्लास’. तुमच्या मित्राची केस ही आहे. २०१९ चा काबूल आणि १५ ऑगस्ट २०२१ नंतरचा काबूल यांच्यातला फरक हीच त्याची गोष्ट आहे, आणि ती त्याची स्वतःची आहे.

उसनी गोष्ट काय करते ते एका केसवरून सांगतो. एक पोरगा आला होता, बावीसेक वर्षांचा, त्याने सांगितलं की मला चार दिवस कोंडून ठेवलं, मारलं, मग पहारेकरी झोपल्यावर पळालो. वाक्यं सगळी गुळगुळीत. मी विचारलं, खोलीत जमीन कसली होती? गप्प. खिडकी होती का? गप्प. पाणी कशातून द्यायचे? तर म्हणाला, ग्लासातून, आणि माझ्या टेबलावरच्या ग्लासाकडे बघितलं. जो माणूस खरंच चार दिवस एका खोलीत पडून असतो त्याला त्या खोलीतलं काहीतरी आठवतंच, बाकी सगळं विसरला तरी जमिनीचा गारठा आठवतो, बाहेरून येणारा कसलातरी आवाज आठवतो. मुलाखतीच्या शेवटी नेहमीप्रमाणे विचारलं की अजून काही सांगायचंय का, तर तो रडायला लागला आणि मग हळूहळू खरं बाहेर आलं. त्याचा मोठा भाऊ सरकारी वकील होता, २०२१ मध्ये तालिबानने तुरुंग उघडले तेव्हा भावाने ज्यांना आत पाठवलं होतं ती माणसंही सुटली, त्यांना घर माहीत होतं, आणि घरातले लोक तेव्हापासून तीन वेळा जागा बदलून राहत होते. म्हणजे खरी गोष्ट त्या विकत घेतलेल्या गोष्टीपेक्षा कितीतरी भक्कम होती! पण फाईलमध्ये आता एक खोटं विधान बसलं होतं, ते निस्तरायला दुसरी मुलाखत घ्यावी लागली आणि मधले महिने तो जीव मुठीत धरून बसला. यूएनएचसीआरच्या हँडबुकमध्ये स्पष्ट आहे की नुसतं खोटं बोलला म्हणून कोणाला नाकारायचं नाही, सगळी परिस्थिती बघायची. तरी त्या खोट्याची किंमत मोजावी लागते, पुढच्या प्रत्येक वाक्याला जास्त तपासलं जातं.

आता मुलाखत होते कशी. खोली साधी असते, टेबल, पाणी, टिश्यूचा डबा, एक अधिकारी आणि एक दुभाषा. पहिली दहा-पंधरा मिनिटं ओळख आणि नियम यात जातात: हे कोण, तुम्ही सांगितलेलं गुप्त राहतं, तुमच्या देशाच्या सरकारला कळवलं जात नाही, दुभाषाची भाषा समजते का, तब्येत बरी आहे का, ब्रेक केव्हाही मागता येतो. घाबरलेला माणूस या सगळ्याला नुसतं हो हो म्हणत जातो, त्याला वाटतं खरी मुलाखत अजून सुरूच झाली नाही. पण ही दहा मिनिटं महत्त्वाची आहेत. दुभाषा समजत नसेल, त्या दुभाषाची भीती वाटत असेल, रात्रभर झोप नसेल, डोकं दुखत असेल, तर ते इथे बोलायचं. पुरुष अधिकारी नको, बाई हवी किंवा उलट, हेही मागता येतं, आणि ते आधी कळवलं तर उत्तम.

मग नाव, गाव, शिक्षण, घरात कोण कोण, कुठल्या कागदावर आला. त्यानंतर एक मोठा मोकळा प्रश्न येतो, साधारण असा की तुम्ही परत का जाऊ शकत नाही ते तुमच्या शब्दांत सांगा. इथे चांगला अधिकारी मध्ये तोंड घालत नाही. अर्जदाराला मात्र ही शांतता खायला उठते, तो दोन वाक्यं बोलून थांबतो आणि समोरच्याच्या प्रश्नाची वाट बघतो. मित्राला सांगून ठेवा की तिथे थांबू नकोस, तुझा वेळ आहे तो. पुढे मग प्रश्न बारीक होत जातात. वडील कुठल्या खात्यात, कुठल्या पदावर, रोज काय काम करायचे, सही त्यांची चालायची का, मोहल्ल्यात कोणाकोणाला त्यांची नोकरी माहीत होती, आता ते कुठे आहेत, घरी कोणी विचारायला आलं का, आलं तर कोणी दार उघडलं. शेवटचा फोन कधी झाला आणि त्यात नक्की कोण काय बोललं. तो स्वतः इथे असताना फेसबुकवर काय लिहीत होता, कोणी ते बघितलं का.

एक प्रश्न जवळजवळ नक्की येईल. तालिबानने ऑगस्ट २०२१ मध्येच सगळ्यांना माफी जाहीर केली होती, मग भीती कसली? हा टोमणा नाही, अधिकाऱ्याला तो विचारावाच लागतो. त्याच्याकडे अफगाणिस्तानबद्दलची माहिती असते, उदाहरणार्थ संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या मिशनने ऑगस्ट २०२३ मध्ये अहवाल दिला की माफीनंतरही जून २०२३ पर्यंत आधीच्या सरकारातल्या आणि सुरक्षा दलांतल्या किमान २१८ माणसांच्या बेकायदेशीर हत्या झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे देशाची एकंदर परिस्थिती तुमच्या मित्राने समजावून सांगायची गरज नाही. त्याने सांगायचं ते या परिस्थितीत आमचं घर कुठे बसतं ते. वडील पाणीपुरवठ्यात कारकून असतील आणि अजून त्याच जागेवर नोकरी करत असतील तर केस वेगळी, ते सरकारी वकील किंवा पोलीस असतील तर वेगळी. सरकारी नोकराचा मुलगा म्हणून आपोआप दर्जा मिळत नाही हे त्याला आधीच सांगा.

अजून दोन अवघड प्रश्न. २०२१ ला देश पडला तर इतकी वर्षं अर्ज का केला नाही? याचं साधं खरं उत्तर असेल की व्हिसा होता, कॉलेज चालू होतं, वाटलं परिस्थिती सुधारेल, तर तेच द्यायचं, त्याला मखरात बसवायची गरज नाही. आणि मध्ये एम्बसीत पासपोर्ट रिन्यू करायला गेला होतास का? गेला असेल तर गेलो म्हणायचं आणि का ते सांगायचं. बऱ्याच जणांना कॉलेज आणि व्हिसासाठी जावंच लागतं, अधिकाऱ्यांना ते माहीत असतं.

तारखांचं बोलू, कारण यात लोक विनाकारण हैराण होतात. अफगाण लोक सौर हिजरी कॅलेंडरवर वाढलेत. त्यांचं वर्ष २१ मार्चच्या सुमारास सुरू होतं आणि महिन्यांची नावं म्हणजे आपल्या राशी आहेत, हमल म्हणजे मेष, असद म्हणजे सिंह, मीझान म्हणजे तूळ. काबूल पडलं ती तारीख त्यांच्या हिशोबाने २४ असद १४०० होती. आता मुलगा डोक्यात १३९८ धरून बोलतोय, दुभाषा तोंडी गणित करून २०१९ सांगतोय, पण महिना जदीचा (मकर) दुसरा पंधरवडा किंवा दल्व (कुंभ) असेल तर ते २०२० होतं, आणि झाला एक वर्षाचा घोळ, यात खोटं कोणीच बोललेलं नाही. कित्येकांच्या पासपोर्टवर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण त्यांच्या तझकिऱ्यावर, म्हणजे ओळखपत्रावर, अमुक साली इतक्या वर्षांचा एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून मित्राला सांगा की ज्या कॅलेंडरमध्ये आठवतं त्यातच बोल, रूपांतर करू नकोस, आणि नक्की माहीत नसेल तर नक्की माहीत नाही म्हण.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे. माझ्या आजीला लग्न कधी झालं विचारलं तर ती म्हणायची, पोर्तुगीज गेले त्याच्या आदल्या साली, शिगमो झाला होता आणि काजू पिकायला लागले होते. तारीख नाही, पण यातून मार्च-एप्रिल १९६० किंवा ६१ पर्यंत कोणीही पोचेल. मी एका म्हाताऱ्या अफगाण माणसाला विचारलं की तुमच्या मुलाला नेलं तो महिना कुठला, तो म्हणाला महिना नाही आठवत, अंगणातल्या झाडाखाली तुतींचा सडा पडला होता आणि त्याची चप्पल त्यात राहिली. तुती तिकडे उन्हाळ्याच्या सुरुवातीला पिकतात. मी तारखेच्या जागी ते वाक्यच लिहून घेतलं. स्मरणशक्तीबद्दल २००२ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, बोस्निया आणि कोसोव्होहून आलेल्या, ज्यांना राहायची परवानगी आधीच मिळाली होती अशा लोकांना तीच घटना दोनदा विचारली, तर सांगण्यात फरक पडलेच, आणि मुख्य घटनेपेक्षा बारीकसारीक गोष्टींत जास्त पडले. त्यांना खोटं बोलून काही मिळणार नव्हतं. म्हणून थोडा फरक पडला म्हणजे संपलं असं नसतं.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, आजही आठवली की वाईट वाटतं. एका मुलाने नोंदणीच्या वेळी सांगितलं होतं की मला काकांनी सीमेपर्यंत पोचवलं. माझ्यासमोर म्हणाला, वडिलांना एकही भाऊ नाही. मी विसंगती म्हणून नोंद केली आणि त्याला काही न विचारता पुढे गेलो. रिपोर्ट तपासणाऱ्या सहकारी बाईंनी फाईल परत पाठवली, मूळ दरी भाषेतला, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीतला, शब्द काय होता ते विचारा म्हणून. शब्द होता ‘काका’. दरीत काका आणि मामा आपल्यासारखेच आहेत, बापाचा भाऊ तो काका, आईचा भाऊ तो मामा, आणि शेजारच्या वडीलधाऱ्या माणसालाही मानाने काकाच म्हणतात. इंग्रजी टाईप करताना सगळ्याचं अंकल झालं. घरात दहा वेळा शेजाऱ्यांना काका म्हणणारा मराठी माणूस मी, मलाच ते सुचलं नाही. त्या मुलाला पुन्हा बोलावून विचारलं तर एका वाक्यात उत्तर मिळालं, समोरच्या बेकरीवाले काका. विसंगती दिसली तर ती माणसासमोर ठेवून त्याला खुलासा करू देणं हा नियम आहे, आणि तो मी मोडला होता.

म्हणून मित्राला सांगा की नाती पूर्ण सांग, चुलता, मावसभाऊ, शेजारी, जे असेल ते. मध्ये अधिकारी म्हणाला की तुम्ही आधी वेगळं सांगितलं होतं, तर घाबरून आधीच्याला चिकटायचं नाही की लगेच बदलायचंही नाही, शांतपणे नक्की काय होतं ते सांगायचं. दुभाषा चुकतोय वाटलं तर तिथल्या तिथे हात वर करायचा. तुमचा मित्र इतकी वर्षं गोव्यात आहे, इंग्रजी त्याला येत असणार, तरी मुलाखत मातृभाषेत दिलेली बरी असं माझं मत आहे, कारण परीक्षेची इंग्रजी वेगळी आणि आईशी फोनवर काय बोललो ते सांगायची भाषा वेगळी. शेवटी उत्तरं वाचून दाखवायला सांगायची, आणि चूक असेल तर दुरुस्त करून घ्यायची.

तो रडला नाही किंवा नजर मिळवली नाही म्हणून कोणी त्याला खोटा ठरवू नये, चेहऱ्यावरून खरंखोटं ठरवता येत नाही हे या कामात शिकवलं जातं. बघितलं जातं ते सांगण्यात तपशील किती आहे, आतल्या आत जुळतं का, देशाबद्दलच्या माहितीशी जुळतं का. प्रत्येक गोष्टीचा कागद कोणाकडेच नसतो, आणि एकंदर सांगणं विश्वासार्ह असेल तर उरलेल्या शंकेचा फायदा अर्जदाराला द्यायचा असतो. तरी जे आहे ते न्यावं: वडिलांचं सर्व्हिस कार्ड, ऑफिसातला फोटो, व्हॉट्सअॅपचे मेसेज फोनमध्ये जसेच्या तसे. काही कापायचं नाही, काही नवीन बनवायचं नाही.

तयारी म्हणजे मी असतो तर एवढंच करून घेतलं असतं. एक संध्याकाळ मिरामारला बसा, कागदावर त्याच्या घरातल्या माणसांचा तक्ता आणि त्याच्याच कॅलेंडरमध्ये वर्षांची एक रेघ काढा, २०१९ ला निघाला तिथपासून आजपर्यंत, घरी काय काय बदललं. बहीण शिकत होती का? डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना विद्यापीठं बंद केली, तिचं काय झालं? हे त्याला केसचा भाग वाटणारच नाही, पण सांगायला हवं. तुम्ही प्रश्न विचारून सराव घेऊ नका, उत्तरं घट्ट होतात. आठवू द्या फक्त. आणि तो कागद घरी ठेवू द्या.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. भारताने १९५१ चा करार आणि १९६७ चा प्रोटोकॉल सही केलेला नाही, रेफ्युजींसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळांचं सरकार स्वतः बघतं, अफगाणांसारख्या इतरांची तपासणी यूएनएचसीआर करतं. त्यामुळे त्यांचं रेफ्युजी कार्ड मिळालं तरी ते व्हिसा नाही. १९४६ चा फॉरेनर्स अॅक्ट जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट लागू झालाय, त्यात मुदतीपेक्षा जास्त राहणं हा गुन्हा आहे, आणि परदेशी लोकांसाठी डिटेन्शन सेंटर आपल्या म्हापशातच आहे. म्हणून मुलाखतीच्या गडबडीत व्हिसाची तारीख विसरू देऊ नका, मुदत संपायच्या बऱ्याच आधी पणजीच्या फॉरेनर्स ऑफिसात काय करायचं ते वकिलाला विचारून ठरवा. तो सल्ला त्याचे कागद बघितल्याशिवाय मी इथे देणार नाही.

गोवा एक्सप्रेसने जाणार असेल तर एक दिवस हातात ठेवून तिकीट काढा, ती गाडी दुसरी रात्रही घेते, आणि उतरून थेट मुलाखतीला गेलेली माणसं मी बघितली आहेत, त्यांना स्वतःच्या भावाचं नाव आठवायला वेळ लागतो. सकाळी खाऊन जाऊ दे, मुलाखत तीन-चार तास चालू शकते आणि कधी दुसऱ्या दिवशीही बोलावतात. निकाल लगेच मिळत नाही, महिने जाऊ शकतात. नकार आला तर पत्रात कारणं असतात, अपील करता येतं आणि ते वेगळा अधिकारी बघतो, मुदत साधारण ३० दिवसांची असते पण पत्रावर जी तारीख आहे तीच धरायची. ते पत्र आलं तर त्याच दिवशी मला कळवा, त्यातला एकेक मुद्दा घेऊन बसावं लागेल.